गळ किती खोल चालतो

मुंबईतील पवई तलावाच्या काठावर गरवायला बसणाऱ्या मंडळींपाशी ट्रोलिंगचा विषय काढला, की बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. होडी चालू ठेवायची, मागे गळ सोडून द्यायचे आणि मासा आपणहून येऊन अडकेपर्यंत चहा पीत बसायचे, यात गरवणाऱ्याचे कसब ते कोणते, असा त्यांचा सवाल असतो. आणि आजकालच्या मोटरबोटींवरील मासे दाखवणारे पडदे, दिवे आणि विजेवर फिरणारी रिळे पाहिली, तर तो सवाल अगदीच बिनबुडाचा आहे असे म्हणवत नाही. तरीही इंग्लंड आणि उत्तर अमेरिकेतील थंड, खोल सरोवरांवर सॅमन, ट्राउट आणि त्यांच्या कुळातील इतर माशांसाठी ही पद्धत कशी घडत गेली, हे वाचून-ऐकून माझे मत असे झाले आहे की होडी पुढे जाते ही ट्रोलिंगमधली सर्वांत गौण बाब आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यात आपला गळ किती खोलीवर आणि कोणत्या वेगाने चालला आहे हे ओळखणे, यातच तिचे सारे शहाणपण साठलेले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते भाच्यामुळे. तो न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरला, म्हणजे ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर राहतो, आणि तिकडे गेल्यापासून गरवण्याचा नाद त्याला माझ्यापेक्षाही अधिक लागला आहे. गेल्या हिवाळ्यात तो मुलुंडला घरी आला, तेव्हा सामानातून एक डबा घेऊन आला होता. पवईला आमच्या नेहमीच्या जागी पंचा अंथरून त्याने त्या डब्यातील वस्तू एकेक करून माझ्यासमोर मांडल्या. त्यांत बोटभर लांबीचा, चांदीचा मुलामा दिलेला एक पितळी चमचा होता. ते आमिषच, पण ते इतके पातळ होते की नुसत्या फुंकरीने तळहातावर डुलत होते. त्याच्याशेजारी धाग्याचे एक जाडजूड रीळ होते, ज्यावरचा धागा ठरावीक अंतरावर रंग बदलत होता आणि हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा बराच जड लागत होता, कारण विणलेल्या धाग्याच्या पोटात शिशाची बारीक तार ओवलेली असते.

"मामा, तू आपल्या तंगूसला शिसे बांधतोस ना, तसे इथे बांधावे लागत नाही. धागाच शिशाचा," असे म्हणून त्याने मला रंग मोजायला लावले. प्रत्येक रंग दहा यार्डांचा, म्हणजे सुमारे नऊ मीटरांचा असतो, आणि माणसाच्या सावकाश चालण्याएवढ्या वेगाने होडी चालली असेल, तर पाण्यात सोडलेला प्रत्येक रंग गळाला साधारण दीड मीटर खाली नेतो. पाच रंग सोडले तर सातएक मीटर. वेग वाढला की गळ वर उचलला जातो, वेग मंदावला की खाली बसतो, म्हणून हा हिशेब कधीच अचूक नसतो. पण होडीवरची सगळी बोलणी मात्र त्याच भाषेत चालतात. अमुक मासा कुठे लागला याचे उत्तर तिथे जागेचे नाव सांगून दिले जात नाही, तर किती रंगांवर लागला हे सांगून दिले जाते.

खोलीचा एवढा अट्टहास कशासाठी, हे समजण्यासाठी थंड प्रदेशातील खोल सरोवर उन्हाळ्यात कसे वागते हे पाहिले पाहिजे. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. उन्हाने वरचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच तरंगत राहते, खालचे जड आणि गार पाणी तळाशी पडून राहते, आणि या दोहोंच्या मध्ये एक असा पट्टा तयार होतो ज्यात थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरते. मुंबईकराला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर सरोवराला मजले पडतात आणि प्रत्येक मासा आपापल्या मजल्यावर बिऱ्हाड थाटतो. चिनूक सॅमनला १० ते १३ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, म्हणून तो बहुतेक त्या मधल्या पट्ट्याच्या अवतीभवती सापडतो. लेक ट्राउटला त्याहूनही थंड पाणी हवे असते, म्हणून तो तळ गाठतो. ऑन्टारिओची कमाल खोली २४४ मीटर आहे. इतक्या पाण्यात काठावरून फेकलेला गळ म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. मासा खाली आहे, विखुरलेला आहे आणि भक्ष्याच्या मागे सतत फिरतो आहे. तेव्हा गळही त्याच खोलीवर फिरता ठेवणे एवढाच मार्ग उरतो. ट्रोलिंगचा जन्म आळसातून झालेला नाही, तो या अडचणीतून झालेला आहे.

इंजिनाच्या कितीतरी आधीपासून ही अडचण हातांनी सोडवली गेली होती, आणि मला सर्वाधिक आदर वाटतो तो त्या जुन्या पद्धतींविषयी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील विंडरमिअर सरोवरात आर्क्टिक चार नावाचा मासा आहे. तो ट्राउटच्याच कुळातला, आणि हिमयुग सरल्यावर त्या गार पाण्यात मागे राहिलेला. त्याच्यासाठी तिथले गरवणारे वल्ह्यांच्या होडीच्या दोन्ही बाजूंना पाच-साडेपाच मीटर लांबीच्या काठ्या पसरतात. प्रत्येक काठीवरून एक मुख्य दोर खाली जातो, ज्याच्या टोकाला सुमारे पाऊण किलोचे शिसे असते, आणि त्या दोराला ठरावीक अंतरांवर आडव्या उपदोऱ्या जोडलेल्या असतात, ज्यांतील प्रत्येकीच्या टोकाला एकेक चकाकते आमिष असते. म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी तपासले जाते आणि मासा कोणत्या उपदोरीला लागला यावरून त्या दिवशी चार मासा कोणत्या थरात आहे ते कळते. ही आमिषे पितळ, तांबे आणि चांदी यांचे पत्रे हाताने ठोकून बनवली जातात. त्यांचा बाक किती असावा, कोणत्या उजेडात कोणता धातू चालतो, याविषयीची जाण घराण्यांतून पुढे जात राहिली. काठीच्या टोकाला घंटी बांधलेली असते. पवईला आपण रॉडच्या शेंड्याला घुंगरू बांधतो तेव्हा मासा आमिष चाचपतो आहे एवढेच ते सांगते. तिथे मात्र घंटी वाजली की गळ आधीच रुतलेला असतो, कारण चालत्या होडीने तो ओढून बसवलेला असतो.

या माशाला एकेकाळी श्रीमंतांच्या ताटात फार मान होता. मसाला घालून शिजवलेला चार मासा खास रंगवलेल्या उथळ भांड्यांत लोण्याखाली मुरवून दूरवर पाठवला जाई. आज विंडरमिअरमध्ये या माशाची संख्या घटलेली आहे. पाणी तापते आहे, त्यात सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये वाढली आहेत आणि तळाच्या गार थरातला प्राणवायू कमी पडतो आहे. वल्ही मारत ही जड दोरी ओढणारे हातही आता थोडेच उरले आहेत.

भाच्याच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर सेनेका सरोवर आहे, आणि तिथली परंपरा मला याहूनही विलक्षण वाटली. न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्सपैकी हे सर्वांत खोल, सुमारे १८८ मीटर. येथे लेक ट्राउटसाठी धाग्याऐवजी नुसती तांब्याची तार सोडत. तांबे जड असल्यामुळे वेगळे शिसे न लावता चमचा तळापर्यंत पोहोचतो. ही तार रॉडवर नसून थेट हातात धरलेली असते; होडी सावकाश चाललेली असताना हात पुढे घेऊन तार ओढायची आणि मग मागे सोडायची, म्हणजे तळाशी तो पातळ चमचा एकदा झेपावतो आणि एकदा गिरक्या घेत खाली पडतो. तळाच्या खड्यांवर चमचा टेकला की त्याचा बारीकसा ठोका तारेतून बोटांना जाणवतो. तो ठोका अधूनमधून जाणवत राहिला पाहिजे, सतत जाणवता कामा नये आणि बराच वेळ गायबही होता कामा नये. शेकडो फूट तार ओली आणि गुंतण्याच्या बेतात असताना ती गुंडाळायची कशी, हा प्रश्न तिथल्या जुन्या लोकांनी चावीच्या ग्रामोफोनने सोडवला: तबकडी फिरवणारी स्प्रिंगची यंत्रणा त्यांनी तार गुंडाळण्याच्या कामाला लावली. अशी जुगाडबुद्धी पाहिली की ती माणसे आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या जॉबरांची नातेवाईक असावीत असे वाटू लागते.

त्याच राज्यातील सेथ ग्रीन या गृहस्थाचे नावही इथे घेतले पाहिजे. १८६४ मध्ये त्याने कॅलेडोनिया येथे माशांचे पैदास केंद्र सुरू केले, आणि एका मुख्य दोरावर अनेक उपदोऱ्या लावण्याच्या पद्धतीला आजही त्या भागात त्याच्याच नावाने ओळखतात. विंडरमिअरच्या पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. मेन राज्यातील तऱ्हा मात्र निराळी. वसंतात बर्फ वितळल्यावर सरोवराचे सारे पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते, तेव्हा सरोवरातच राहणारा सॅमन छोट्या स्मेल्ट माशांच्या मागे पृष्ठभागापाशी येतो. म्हणून तिथे जड काहीच न लावता पिसांची लांबट नकली माशी होडीमागे ओढतात. त्यासाठी आजही नावाजली जाणारी ग्रे घोस्ट ही माशी कॅरी स्टीव्हन्स या टोप्या बनवणाऱ्या बाईने बांधली होती.

आता यंत्रांकडे येतो, कारण पवईच्या मंडळींचा आक्षेप मुख्यतः त्यांच्यावर आहे. डाउनरिगर म्हणजे होडीच्या काठावर बसवलेले एक रहाट. त्यावरून पोलादी तारेने चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा हव्या त्या खोलीवर सोडतात आणि रॉडवरची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो, आणि मग मासा व माणूस यांच्यामध्ये ते वजन राहत नाही. कल्पना अतिशय साधी आहे. पण गोळा १५ मीटरांवर सोडला म्हणजे गळ १५ मीटरांवर चालतोच असे नाही. पाण्याच्या ओढीने गोळा मागे लोटला जातो, आणि शिवाय वरच्या पाण्याचा प्रवाह एका दिशेने तर खालच्याचा दुसऱ्या दिशेने वाहत असू शकतो. होडीचा वेग बरोबर आहे म्हणून चमच्याचा वेगही बरोबर आहे, असे धरून चालणारा माणूस दिवसभर रिकाम्या हाताने फिरतो.

भाच्याने यावरची जी युक्ती सांगितली ती मला सर्वांत आवडली, कारण तिच्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. होडी सरळ रेषेत कधीच न्यायची नाही, नागमोडी न्यायची. वळताना बाहेरच्या बाजूचे गळ वेग घेतात आणि वर उचलले जातात, आतल्या बाजूचे मंदावतात आणि खाली बसतात. मासा बाहेरच्या गळाला लागला तर वेग वाढवायचा, आतल्या गळाला लागला तर कमी करायचा. एवढ्या एका निरीक्षणावर जुने कप्तान पहाटेचे पहिले दोन तास काढतात, आणि चिनूकसाठी तेच दोन तास मोलाचे, कारण उजेड चढला की तो खोल उतरतो. ध्वनिलहरींनी मासे टिपणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर माशाच्या कमानी दिसत असताना हे कशाला करायचे, असे विचारणारेही तिथे आहेत. मला स्वतःला तो पडदा नको वाटतो. मासा आहे हे पडदा सांगतो. तो का चावत नाही हे सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मला ऑन्टारिओ, मिशिगन, ह्युरॉन या ग्रेट लेक्स म्हणवल्या जाणाऱ्या सरोवरांविषयी सांगितलीच पाहिजे, आणि ती म्हणजे तिथला चिनूक मुळात तिथला नव्हेच. वेलंड कालव्यामुळे नायगाराचा अडसर वळसा घालून पार करता येऊ लागला आणि त्या वाटेने लॅम्प्रे नावाचा, वांबीसारखा दिसणारा पण जबडा नसलेला रक्तशोषक जीव वरच्या सरोवरांत शिरला. १९३६ मध्ये तो मिशिगन सरोवरात आढळला आणि पुढच्या दोन दशकांत त्याने, जोडीला बेसुमार मासेमारीने, तिथला लेक ट्राउट संपवत आणला. खाणारा उरला नाही म्हणून एलवाइफ हा हेरिंगच्या जातकुळीतला छोटा उपरा मासा अफाट वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात तो इतका मेला की शिकागोच्या किनाऱ्यांवर सडक्या माशांचे ढीग उपसावे लागले. तोपर्यंत १९५८ पासून लॅम्प्रेच्या पिल्लांवर नद्यांत औषध सोडणे सुरू झाले होते. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगनहून पॅसिफिकच्या कोहो सॅमनची अंडी मागवली आणि १९६६ च्या वसंतात त्यांची पिल्ले नद्यांत सोडली; पुढच्या वर्षी चिनूकही सोडला. एलवाइफवर पोसलेला कोहो १९६७ च्या शरदात किनाऱ्याशी आला, तेव्हा लोक मिळेल त्या होड्या घेऊन धावले, आणि सप्टेंबरात अचानक उठलेल्या वादळात त्यांतील सात जण बुडाले. आज ज्या डाउनरिगरची चेष्टा होते, तो याच उधाणात घरोघरच्या वर्कशॉपमधून आकाराला येत गेला.

म्हणजे ज्याला तिथली परंपरा म्हणतात ती निम्मी हातांनी घडवलेली आणि निम्मी सरकारी पैदास केंद्रांतून सोडलेली आहे, आणि ती एलवाइफच्या भरवशावर उभी आहे. ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागोमाग चिनूकही कोसळला. यावर आपण मुंबईकरांनी नाके मुरडण्याचे कारण नाही. पवई हा १८९१ साली बांधलेला तलाव आहे, तोही पिण्याच्या पाण्यासाठी. ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून तो गरवणाऱ्यांच्या वाट्याला आला. त्यातला कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्यातील वाहती नदी लागते; म्हणून तिथेही बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, आणून सोडावी लागते. आणि अशी बोटुकली हुकमी मिळते ती हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ओडिशात यशस्वी केलेल्या प्रजननामुळे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरने चालवलेले महाशीरचे पैदास केंद्रही त्याच जातीचे काम करत आले आहे.

डबा मांडून झाल्यावर भाच्याने अपेक्षित प्रश्न विचारलाच.

"मामा, इथे हा चमचा ओढून बघायचा का रे?"

माझ्याआधी शेजारच्या मचाणावरचे काका उत्तरले, "अरे बाळा, कटल्याला तू चमचा दाखवलास तर तो त्यात आपले तोंड बघेल आणि निघून जाईल."

काकांच्या बोलण्यात तथ्य होते. ट्रोलिंगला पाठलाग करणारा मांसभक्षक मासा लागतो, आणि आपले हे तिन्ही मासे पाठलाग करत नाहीत. कटला वरच्या पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पती खरवडतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. खोलीही मोठी नाही; पवईत सर्वांत खोल जागी बारा मीटरांच्या आसपास पाणी सांगतात. जलपर्णीचे तरंगते गालिचे आणि त्यांच्यात पडून राहणाऱ्या मगरी वेगळ्याच. म्हणून आपली परंपरा गळ माशाकडे नेण्याऐवजी माशाला गळाकडे बोलावते: शेंगदाण्याची पेंड, सत्तू, पावाचा लगदा यांचा चारा एकाच ठिकाणी टाकत राहायचे आणि गळ योग्य थरात ठेवून वाट पाहायची. पण रोहूसाठी गळ तळापासून किती वर ठेवायचा यावर काका आणि मी जो वाद घालतो, तो सेनेकाच्या तारवाल्यांना ऐकवला तर त्यांना त्यातला शब्दही परका वाटणार नाही. त्यांचे मजले तापमानाने पडतात, आपले भुकेने.

भारतात ट्राउट नाही असे नाही. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी तो काश्मीरमध्ये आणि नंतर निलगिरीत रुजवला. पण तो बहुतांशी वाहत्या ओढ्यांत सापडतो आणि तिथे माशी फेकून धरण्याची रीत आहे. चालत्या होडीमागे गळ ओढणे पाहायचे असेल तर त्यापेक्षा कोकण किनाऱ्यावर सुरमईच्या मागे जाणाऱ्यांकडे पाहावे.

ज्यांची मुले-भाचरे ग्रेट लेक्सच्या काठी स्थायिक झाली आहेत आणि जे उन्हाळ्यात तिकडे जाणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. होडी भाड्याने घेतली तरी बहुतेक ठिकाणी गरवण्याचा परवाना प्रत्येकाला स्वतःच्या नावाने काढावा लागतो आणि दिवसाला किती मासे ठेवायचे याची मर्यादा कसोशीने पाळली जाते. ऑगस्टमध्ये चिनूक भरात असतो. सप्टेंबर उलटला की तो नदीत चढून अंडी घालतो आणि मरतो, आणि तेव्हा त्याच्या मांसात राम राहत नाही. घरी आणलेला मासा शिजवताना मात्र आपल्या सवयीला मुरड घालावी लागते. या सरोवरांतील मोठ्या माशांच्या चरबीत जुन्या कारखान्यांतून आलेली पीसीबीसारखी रसायने साठलेली असतात, म्हणून किती आणि कोणता मासा खावा याच्या सरकारी सूचना दरवर्षी निघतात, आणि गर्भवती स्त्रियांसाठी व मुलांसाठी त्या अधिक कडक असतात. पोटाकडची आणि पाठीवरची चरबी, कुशीवरची गडद पट्टी आणि कातडी काढून टाकावी, असे त्यांत सांगितलेले असते. माझ्या बहिणीने रोचेस्टरला असताना ते सारे काढले, उरलेल्या तुकड्यांना आले-लसूण, आगळ आणि मालवणी मसाला लावला आणि रव्यात घोळवून तव्यावर परतले. तिचा अभिप्राय असा की तुकडी बरी होते, पण कालवणाच्या वाटेला जाऊ नये. मासा इतका तेलकट आहे की नारळाचे वाटण त्यापुढे टिकत नाही.